एक बदल उचला आणि त्याचा माग काढा : प्रक्रिया-मूल्यांकन करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सॉफ्टवेअर प्रक्रियांचे मूल्यांकन करणारे सर्व लीड अप्रेझर आणि ऑडिटर,
तसेच ज्यांच्या निविदांमुळे हे मूल्यांकन होते त्या खरेदी समित्यांचे सदस्य

विषय : मूल्यांकनात काय पाहिले जाते आणि काय पाहायचे राहून जाते

सप्रेम नमस्कार.

मी सॉफ्टवेअर गुणवत्तेच्या कामात बरीच वर्षे आहे. तुम्ही येण्याआधीचे आठवडे आणि तुम्ही गेल्यानंतरचे महिने मी आतून पाहिले आहेत. तुमच्या वाट्याला मधले मोजके दिवस येतात, म्हणून त्या दिवसांत तुमच्यापर्यंत जे पोहोचत नाही ते इथे लिहिते आहे. माझी मागणी एकच आहे. मूल्यांकनाला याल तेव्हा प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहक प्रत्यक्ष वापरतात त्या यंत्रणेत, गेलेला एखादा बदल तुम्ही स्वतः निवडा आणि तो कुठून सुरू झाला, कोणाच्या हातून गेला, कुठे अडला, कसा बाहेर पडला, याचा माग शेवटपर्यंत काढा. लेव्हल (संस्थेच्या कामाच्या परिपक्वतेची एक ते पाच यांपैकी पायरी), रेटिंग, ताकदी आणि उणिवांची यादी हे सगळे त्यानंतर.

मूल्यांकनाची तारीख ठरली की संस्थेत काय होते ते आधी सांगते. क्वालिटी विभागाकडून एक मोठी एक्सेल शीट फिरू लागते. डाव्या रकान्यात मूल्यांकनाच्या मॉडेलमधली, म्हणजे काम कसे व्हावे हे सांगणाऱ्या चौकटीतली, एकेक प्रॅक्टिस, उजव्या रकान्यात तिचा पुरावा. उजवा रकाना रिकामा असेल तिथे लाल रंग. मग पुढचे कित्येक दिवस डेव्हलपर आणि टेस्टर तो लाल रंग घालवण्याच्या मागे असतात. जुन्या बैठकीचे मिनिट्स आता लिहिले जातात. न झालेल्या रिव्ह्यूचा फॉर्म भरला जातो, आणि तो खरा वाटावा म्हणून त्यात दोन किरकोळ चुका सापडल्याचे आणि दुरुस्त केल्याचेही दाखवले जाते. रिस्क रजिस्टरमध्ये (संभाव्य धोक्यांच्या नोंदवहीत) मागच्या तारखांच्या नोंदी पडतात. मुलाखतीला कोण बसणार हे मॅनेजर ठरवतो आणि त्या मंडळींसाठी प्रश्नोत्तरांचा कागद तयार होतो. एका संस्थेत मी या मुलाखतींची रंगीत तालीम पाहिली आहे. नुकत्याच रुजू झालेल्या एका मुलीला पढवले जात होते की, ‘माहीत नाही’ म्हणायचे नाही, ‘ते आमच्या प्रोसेस रिपॉझिटरीत आहे’ असे म्हणायचे.

हे करणारी माणसे लबाड नसतात, हे मला आवर्जून सांगायचे आहे. एरवी तीच माणसे एका बगसाठी रात्रभर जागतात. समोरून कागद मागितला जाणार, कामाबद्दल कोणी विचारणार नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक झालेले असते. पण या आठवड्यांची किंमत मोठी असते. प्रक्रिया म्हणजे ऑडिटपुरती करायची गोष्ट, हा धडा नवीन मुले इथेच शिकतात आणि पुढे स्वतः लीड किंवा मॅनेजर झाली की तोच पुढे नेतात.

या मूल्यांकनाचा मूळ हेतू हा नव्हता. १९८४ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या निधीतून कार्नेगी मेलन विद्यापीठात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूट उभी राहिली. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंत्राटदारांची कुवत कंत्राट देण्याआधी कशी ओळखायची, हा तिथल्या हवाई दलापुढचा प्रश्न होता. आयबीएममधली दीर्घ कारकीर्द संपवून आलेल्या वॉट्स हम्फ्री यांच्या नेतृत्वाखाली १९८७ मध्ये एक प्रश्नावली आणि परिपक्वतेच्या पाच पायऱ्यांची चौकट पुढे आली. १९९१ मध्ये तिचे कॅपॅबिलिटी मॅच्युरिटी मॉडेल झाले, १९९३ मध्ये त्याची सर्वांत गाजलेली १.१ आवृत्ती आली आणि २००० मध्ये त्याचा पुढचा अवतार, सीएमएमआय. या चौकटीमागे शुहार्ट आणि डेमिंग या गुणवत्ता-तज्ज्ञांचा विचार होता : आधी काम स्थिर करा, मग मोजा, मग मोजमापाच्या आधारे सुधारा. विचार म्हणून मला तो आजही पटतो.

त्या काळी या चौकटीचे दोन वेगळे उपयोग होते आणि त्यांच्या पद्धतीही वेगळ्या होत्या. एका पद्धतीत संस्था स्वतःच्या सुधारणेसाठी स्वतःची तपासणी करत असे आणि निष्कर्ष आपल्यापुरते ठेवत असे. दुसरीत खरेदीदार कंत्राटदाराची पारख करत असे. पुढे सीएमएमआयबरोबर स्कॅम्पी ही मूल्यांकनाची पद्धत आली आणि दोन्ही कामांसाठी एकच पद्धत झाली. तिच्या तीन वर्गांपैकी अधिकृत लेव्हल फक्त ‘क्लास ए’मधून मिळत असे, त्यामुळे बाजाराला तेवढाच वर्ग हवा झाला. उपचार करणाऱ्या डॉक्टरला माणूस सगळे दुखणे सांगतो आणि विम्यासाठी तपासणाऱ्या डॉक्टरपुढे तेच लपवतो. तुम्हाला आता एकाच खुर्चीत बसून ही दोन्ही कामे करावी लागतात. तुमच्या अहवालावर संस्थेचे पुढचे कंत्राट अवलंबून असते, तुमची फी तीच संस्था देते आणि काही वर्षांनी पुन्हा कोणाला बोलवायचे हेही तीच ठरवते. या मांडणीत आतली माणसे मोकळेपणाने बोलतील अशी अपेक्षा ठेवता येत नाही. तुमच्या वैयक्तिक सचोटीबद्दल मला शंका नाही. पण सचोटीची माणसेही समोर ठेवलेल्या पुराव्यापलीकडे जाऊ शकत नाहीत, म्हणून पुरावा कुठून येतो यावर मी इतका भर देते आहे.

कागद आणि काम यांच्यातली फट किती महाग पडू शकते, याचे एक उदाहरण मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला वाचायला देते. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाली कंपनीने शेअर बाजारातल्या एका नव्या योजनेसाठी आपल्या ऑर्डर-राउटरचा (ऑर्डर बाजारात पाठवणाऱ्या प्रोग्रॅमचा) नवा कोड सुरू केला. हा राउटर आठ सर्व्हरवर चालत असे. डिप्लॉयमेंट करताना, म्हणजे कोड सर्व्हरवर चढवताना, एका सर्व्हरवर नवा कोड टाकायचा राहिला. नव्या कोडने एक जुना फ्लॅग (सोय चालू-बंद करणारी खूण) पुन्हा वापरला होता. हाच फ्लॅग पूर्वी ‘पॉवर पेग’ नावाची सोय चालू करत असे. ती सोय २००३ पासून कोणी वापरत नव्हते, पण तिचा कोड तिथेच पडून होता. बाजार उघडला आणि आठव्या सर्व्हरवर तो मृत कोड जिवंत झाला. सुमारे ४५ मिनिटांत १५४ शेअर्समध्ये ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले आणि कंपनीला ४६ कोटी डॉलरपेक्षा जास्त तोटा झाला.

अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने ऑक्टोबर २०१३ मध्ये दिलेला आदेश तुम्ही मुद्दाम वाचावा. डिप्लॉयमेंट दुसऱ्या कोणी तपासावे असा लेखी नियमच कंपनीत नव्हता. त्या सकाळी बाजार उघडण्याआधी यंत्रणेने कर्मचाऱ्यांच्या गटाला ९७ ई-मेल पाठवले होते. त्यात ‘पॉवर पेग’चा उल्लेख करणारी चूक स्पष्ट लिहिलेली होती. पण ते ई-मेल धोक्याची सूचना म्हणून पाठवायचे असतात असे कोणी ठरवलेले नव्हते, म्हणून कोणी ते तसे वाचले नाहीत. गोंधळ सुरू झाल्यावर कंपनीने बरोबर चाललेल्या सात सर्व्हरवरूनही नवा कोड काढून टाकला, त्यामुळे तिथेही जुना कोड जागा झाला आणि नुकसान वाढले. अशा वेळी काय करायचे याची ठरलेली पद्धतही नव्हती.

‘कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटची (कोणता कोड कुठे आहे यावर नियंत्रण ठेवण्याची) योजना आहे का?’ या प्रश्नाला ‘आहे’ हे उत्तर जगातली कुठलीही संस्था देऊ शकते. त्याऐवजी एखाद्या साध्यासुध्या रिलीजबद्दल कोणी विचारले असते की, कोड सर्व सर्व्हरवर कोणी टाकला, सगळीकडे तोच कोड पोहोचल्याची खात्री कोणी केली आणि त्या खात्रीची खूण कुठे आहे, तर दुसऱ्या नजरेचा नियमच नाही हे तासाभरात उघड झाले असते.

माग काढायचा तर सुरुवात प्रॉडक्शनच्या डिप्लॉयमेंट लॉगपासून करा. गेल्या काही महिन्यांतले चार बदल स्वतः निवडा. एक नेहमीचा, एक रात्री घाईने केलेला हॉटफिक्स (तातडीची दुरुस्ती), एक मागे घ्यावा लागलेला आणि एक असा, ज्यावरून ग्राहकाने तक्रार केली. मग उलट्या दिशेने चला. बिल्ड केव्हा झाला, टेस्ट केव्हा चालल्या, रिव्ह्यू कोणी मंजूर केला, कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद) कोणाचा, मूळ मागणी कोणाची. या वेळा सर्व्हरने आपोआप नोंदवलेल्या असतात आणि मागाहून सजवणे अवघड असते. हजारो ओळींचा बदल दोन मिनिटांत मंजूर झालेला दिसला तर तिथे रिव्ह्यू झालेला नाही, फॉर्म कितीही नीट भरलेला असो. टेस्टचा निकाल डिप्लॉयमेंटनंतरच्या तारखेचा असेल तर त्या टेस्टने काहीही अडवलेले नाही. मागणी दोनदा बदलली आणि टेस्ट केस जशीच्या तशी राहिली, तर ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्समधली (मागणी आणि टेस्ट यांची जोडी दाखवणाऱ्या तक्त्यातली) हिरवी खूण कोणाच्या तरी सवयीतून आली आहे.

आणखी एक विचारा. टेस्टरने ‘हे जाऊ द्यायचे नाही’ म्हटल्यावर रिलीज शेवटचे केव्हा थांबले? प्रसंग सांगता आला तर तो प्रसंग ऐका, तारीख, ई-मेल, पुढे काय झाले ते पाहा. कोणालाच एकही प्रसंग आठवला नाही, तर त्या संस्थेत व्हेरिफिकेशन आणि व्हॅलिडेशन (काम ठरल्याप्रमाणे आणि गरजेप्रमाणे झाले का याची तपासणी) कोणत्या दर्जाचे आहे हे तुम्हाला कुठल्याही टेम्प्लेटपेक्षा नेमके कळेल.

माग काढण्याने प्रामाणिक टीमला न्यायही मिळतो, आणि माझ्या दृष्टीने ही बाजू तितकीच मोठी आहे. अनेक लहान टीम फॉर्म भरत नाहीत, पण दोघे जण शेजारी बसून कोड लिहितात. प्रत्येक कमिटवर शेकडो टेस्ट आपोआप चालतात. चूक झाली की दुसऱ्या दिवशी सगळे एकत्र बसून कारण शोधतात आणि त्यातून एक नवी टेस्ट लिहिली जाते. एक्सेल शीटमध्ये अशा टीमचा रकाना लालच दिसतो. बदलाचा माग काढलात तर दिसेल की त्यांची प्रक्रिया जिवंत आहे. अशा टीमला कमी गुण मिळालेले आणि शेजारच्या कागदी टीमचे कौतुक झालेले मी पाहिले आहे. त्यानंतर त्या चांगल्या टीमनेही फॉर्म भरायला सुरुवात केली आणि कारण शोधण्याच्या बैठका हळूहळू बंद पडल्या.

कागद भरपूर असूनही अनर्थ होतो, हेही विसरू नये. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे युरोपीय रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत नष्ट झाले. एरियान ४ मधून उचललेल्या दिशादर्शक सॉफ्टवेअरमध्ये ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत मावली नाही. असे रूपांतर करताना चूक होऊ शकेल अशा सात चलांपैकी (बदलत्या किमतींपैकी) चारांनाच संरक्षण दिलेले होते, उरलेली तीन मुद्दाम तशीच सोडली होती, आणि त्यामागचे कारण कोडमध्ये थेट नोंदवलेले नव्हते. चौकशी मंडळाला आढळले की त्या यंत्रणेच्या स्पेसिफिकेशनमध्ये एरियान ५ च्या उड्डाणमार्गाची माहितीच घेतलेली नव्हती. आढावे झाले होते, निर्णय रीतसर झाले होते. ‘जुन्या रॉकेटसाठी खरे असलेले गृहीत नव्या रॉकेटलाही लागू आहे का?’ हा प्रश्न मात्र कुठल्याच आढाव्यात परिणामकारकपणे विचारला गेला नाही. म्हणून माग काढताना रिव्ह्यू झाला का, एवढ्यावर थांबू नका. त्या रिव्ह्यूत कोणी काय विचारले, तेही पाहा.

मूल्यांकनाची हद्द कोण आखतो, याकडेही लक्ष द्या. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर-सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटमुळे जगभरातले विंडोज संगणक बंद पडले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार त्यांची संख्या ८५ लाख होती. ते अपडेट नव्या प्रोग्रॅमचे नव्हते, धोके ओळखण्याच्या माहितीचे होते. एका ठिकाणी २१ नोंदी अपेक्षित होत्या आणि प्रत्यक्षात २० पुरवल्या जात होत्या. तपासणी करणाऱ्या साधनातही दोष होता. प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्त्या टप्प्याटप्प्याने देण्याची सोय होती, या माहितीच्या फाइली मात्र सगळीकडे एकदम जात. बहुतेक संस्थांत असे आडमार्ग असतात : कॉन्फिगरेशन फाइल, डेटाबेसवर थेट चालवलेली स्क्रिप्ट, फीचर फ्लॅग, बाहेरच्या लायब्ररीची नवी आवृत्ती. प्रक्रियेच्या आकृतीत ते नसतात, आणि आकृतीत नसलेले तुम्हाला दाखवले जात नाही. ‘सॉफ्टवेअरचे वागणे बदलणारे सगळे रस्ते सांगा’ एवढे म्हणा आणि ऑपरेशन्सच्या माणसाला बोलू द्या.

आकड्यांबद्दल थोडे. चौथ्या लेव्हलपासून संख्यात्मक नियंत्रण येते, डिफेक्ट डेन्सिटीचे (कोडच्या आकारमानाच्या तुलनेत चुकांचे) कंट्रोल चार्ट भिंतीवर लागतात. डिफेक्ट जास्त नोंदवणाऱ्या टीमकडे संशयाने पाहिले की पुढच्या तिमाहीत डिफेक्ट कमी होतात, म्हणजे त्यांची नोंद कमी होते. काही चुका गप्पांमधूनच मिटवल्या जातात, काहींना ‘सुधारणेची विनंती’ असे नाव मिळते. मोजमाप हेच लक्ष्य झाले की ते मोजमाप म्हणून निकामी होते, हे अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनधोरणाच्या संदर्भात मांडलेले निरीक्षण इथे रोज दिसते. डिप्लॉयमेंटची वारंवारता, बदलाला लागणारा वेळ, फसलेल्या बदलांचे प्रमाण आणि सावरायला लागणारा वेळ हे अलीकडे लोकप्रिय झालेले चार आकडे चांगले आहेत, पण तेही बक्षिसाला जोडले की तसेच बिघडतात. म्हणून चार्ट पाहून समाधान मानू नका. या आकड्यामुळे गेल्या वर्षात कोणता निर्णय बदलला, ते विचारा.

पाचवी लेव्हल कशी असते याचे खरे उदाहरण आपल्या क्षेत्रात आहे, त्यामुळे मी हताश नाही. नासाच्या स्पेस शटलचे उड्डाण-सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या ह्यूस्टनमधल्या आयबीएमच्या गटाला १९८९ मध्ये ती मिळाली. सुमारे ४ लाख २० हजार ओळींच्या त्या कोडमध्ये चूक सापडली की ती काढून थांबत नसत. ती शिरली कशी, आधीच्या तपासण्यांतून निसटली कशी, प्रक्रियेतले ते भोक कसे बुजवायचे, आणि त्याच भोकातून आणखी काही आत आले आहे का, इतका शोध घेतला जाई. व्यक्तीला दोष देणे हा त्याचा भाग नव्हता. हे तुम्हाला कुठल्याही संस्थेत तपासता येईल. प्रॉडक्शनमध्ये सापडलेली एक चूक निवडा आणि त्या चुकीमुळे काम करण्याच्या पद्धतीत काय बदलले ते दाखवायला सांगा. ‘संबंधितांना समज दिली’ हे उत्तर आले तर ती पहिली लेव्हल आहे.

काही गोष्टी सुधारल्या आहेत. २०१८ च्या सीएमएमआय २.० पासून नमुन्यातले प्रकल्प यादृच्छिक पद्धतीने निवडले जातात आणि कामगिरीचा अहवालही मागितला जातो. मुलाखतीत कोण काय बोलले हे उघड करायचे नाही, हा नियम तर जुना आहे. पण प्रकल्प यादृच्छिक निवडून भागत नाही, त्यातली माणसे आणि बदलही तुमच्या निवडीचे हवेत. नुकताच रुजू झालेला, रात्रपाळीत ऑन-कॉल असणारा आणि क्लायंटचे फोन घेणारा सपोर्टचा माणूस, हे तिघे तरी तुमच्यासमोर वरिष्ठांविना बसले पाहिजेत.

आता खरेदी समित्यांच्या सदस्यांना. या सगळ्याची सुरुवात तुमच्या निविदेतल्या एका ओळीतून होते : ‘पुरवठादाराकडे लेव्हल ५ असावी.’ ही लेव्हल संपूर्ण कंपनीची नसते, मूल्यांकनासाठी निवडलेल्या विशिष्ट विभागाची असते. प्रसिद्ध झालेल्या निकालांत त्या विभागाचे नाव आणि मुदतही दिलेली असते. तुमचे काम जी टीम करणार आहे ती त्या विभागात येते का, हे निविदा उघडताना पाहिले जात नाही. शिवाय एका आकड्यात सगळे कोंबण्याची गरजही नाही. आयएसओ/आयईसी १५५०४ ही आंतरराष्ट्रीय प्रमाणके आणि २०१५ नंतर तिची जागा घेऊ लागलेली ३३००० ची मालिका प्रत्येक प्रक्रियेला स्वतंत्रपणे, शून्य ते पाच अशी कुवतीची पातळी देते. त्यातून टेस्टिंगमध्ये भक्कम पण रिक्वायरमेंटमध्ये कच्ची अशी संस्थेची खरी आकृती दिसते. वाहन उद्योग त्याच धर्तीवरची ऑटोमोटिव्ह स्पाइस पद्धत वापरून पुरवठादारांची अशी प्रक्रियावार पारख वर्षानुवर्षे करतो आहे.

तेव्हा पुढच्या निविदेत लेव्हलची ओळ ठेवायचीच असेल तर तिच्याखाली आणखी तीन ओळी घाला. मूल्यांकन झालेला विभाग आणि प्रस्तावित टीम यांचा संबंध पुरवठादाराने लिहून द्यावा. मूल्यांकनात निघालेल्या उणिवा आणि त्यांवर केलेली कारवाई जोडावी, आणि उणीवच निघाली नसेल तर तसे सहीनिशी लिहावे. अंतिम निवडीआधी तुमच्या प्रतिनिधीला त्या टीमने केलेल्या दोन बदलांचा, त्यातल्या एका फसलेल्या बदलाचा, माग त्यांच्याच यंत्रणेवर बसून काढू द्यावा. दुसऱ्या ग्राहकाची गोपनीय माहिती झाकून हे करता येते. या कामाला एक दिवस पुरतो, आणि कंत्राट अनेक वर्षांचे असते.

आपली,
एक सॉफ्टवेअर गुणवत्ता अभियंता